टायरचा दोष

"आणि खिळा शिरला तर?" बाबांनी पाचव्यांदा विचारलं.

"काका, आठ प्लायचा आहे, आत आठ थर. शिरता शिरता खिळाच वाकेल," टायरवाला म्हणाला. दुकानातल्या प्रत्येक टायरसाठी त्याच्याकडे एकेक स्तुती तयार होती.

बाबांनी टायर आडवा पाडला. उकिडवं बसून नक्षीच्या खाचेत बोट घातलं. पेरभर आत गेलं. मग बाजूचं रबर अंगठ्यानं दाबलं, त्यावर मूठ हाणून पाहिली. थोरला मुलगा नुसता शेजारी उभा होता. पिकअप चालवायचा तो, पण आज त्याला कुणी काही विचारत नव्हतं आणि तेच त्याला बरं वाटत होतं.

दीड महिन्यापूर्वी डोंगरावरच्या बांधकामाला सिमेंट पोचवताना चिखलाच्या रस्त्यावर मागचा टायर फाटला. गाडी जॅकवर घेतली आणि खाली टांगलेली स्टेपनी काढायला धाकटा गाडीखाली शिरला. जॅक कलला. भरलेली गाडी त्याच्यावर आली. चोवीस वर्षांचा होता.

ते टायर बाबांनीच घेतले होते. याच दुकानातून, दोन तास घासाघीस करून, सगळ्यात स्वस्तातले. तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. आई टायरला शिव्या द्यायची आणि बाबा मान खाली घालून म्हणायचे, "माझ्या चिकटपणानं पोर गेलं." शेजारी, पाहुणे, दुधवाला, जो दारात येईल त्याला हेच. इतक्या वेळा, की ओळखीचे लोकसुद्धा त्यांना लांबून बघून वाट वाकडी करायला लागले होते. अन्न तोंडात फिरायचं त्यांच्या. अंगावरचा सदरा लोंबायला लागला होता.

थोरल्याला ते ऐकवत नसे, कारण खरं काय ते त्याला ठाऊक होतं. ओल्या जमिनीत जॅकखाली ठेवायला गाडीत एक जाड फळी असायची. त्या दिवशी सकाळी तिच्यामुळे गोण्यांचा थर सरळ बसेना, म्हणून त्यानंच ती काढून घरामागच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. "जाऊ दे, दगड लावू," असं डोंगरावर जॅक लावताना धाकटा म्हणाला होता आणि यानं मान डोलावली होती. त्या दिवसानंतर घरामागे जायची त्याची छाती झाली नाही. बाप आपलं पाप डोक्यावर घेऊन दारोदार सांगत फिरतोय आणि आपण मुकाट जेवतोय, याची त्याला शिसारी यायची. रोज सकाळी तो ठरवायचा, आज सांगून टाकायचं. मग आई चहाचा कप पुढे करायची. 'तू तरी वाचलास रे,' म्हणायची. हा कप परत कधी असा पुढे येणार नाही, या विचारानं तो कप हातात घ्यायचा आणि पिऊन टाकायचा.

"मी सांगतो तो घ्या," टायरवाल्यानं मागच्या रांगेतून एक टायर ढकलत आणला. "गेल्या वर्षीचा माल, म्हणून कमी लावतो. पण रबर एक नंबर. नक्षी खोल, चिखल आपोआप झटकते. याहून महागाचा लावून तुम्ही काय विमान उडवणार आहात?"

बाबा हसले नाहीत. "चारही यातलेच द्या," एवढंच म्हणाले. भाव विचारला नाही.

घासाघीस न करणारे बाबा पाहून टायरवाला वरमला. त्याचा आवाज उतरला.

"काका, एक बोलू? राग मानू नका. धारदार दगडावर कुणाचाही टायर फाटतो. पंक्चरनं माणूस मरत नाही. चिखलात जॅकखाली फळी नसली, की मरतो. फळी नव्हती का गाडीत?"

थोरला एक पाऊल पुढे आला.

"शेठ, ती फळी..."

"होती," बाबा म्हणाले. "फळी होती. तीही रुतली. टायरच कुचकामी होते, आणि ते मी घेतले होते."

टायरवाल्यानं मान हलवली आणि तो पावती करायला आत गेला.

दोघांनी मिळून चारही टायर पिकअपच्या हौद्यात चढवले. बाबा दोरी बांधू लागले. थोरला दोरीचं दुसरं टोक हातात धरून तसाच उभा राहिला. मग एकदाचं त्याच्या तोंडून निघालं.

"बाबा, फळी गाडीत नव्हती. मी काढली होती."

बाबांनी वर पाहिलं नाही. त्यांनी गाठ मारली, ओढून पाहिली, पुन्हा आवळली.

"तुझा फोन आला तेव्हा मी घरामागेच होतो. समोर भिंतीला फळी टेकलेली. तू त्याला घेऊन घरी यायच्या आत मी ती फोडून जाळली." त्यांनी थोरल्याच्या हातातलं टोक काढून घेतलं. "तुझी आई टायरला शिव्या देते, मला देते. जन्मभर देऊ दे. तिला हा एक मुलगा तरी हवा आहे."