खांद्यावरचा पट्टा
मिसुरी नदीच्या धारेविरुद्ध नाव न्यायची तर काठावरून दोरानं ओढतच न्यावी लागते. कुणी आजारी पडला की कप्तान त्याचं रक्त काढून त्याला नावेत निजवतो, आणि असे निजवलेले दोघं आम्ही वाळूत पुरून आलो होतो. म्हणून सकाळी अंगात ताप भरला तरी मी दोराचा पट्टा खांद्यावर घेतला. "तू नुसता चाल रे, लेम. ओढायचं मी बघतो," दोरावर माझ्या पुढे असलेला ॲबनर चिडवत म्हणाला, "एरवी तरी तू कुठे ओढतोस!" दुपारी कप्तानानं सगळ्यांना थांबवलं आणि एकेकाचं तोंड निरखत आला. मी दात आवळून, कोरडा ठणठणीत उभा. ॲबनर मात्र लालबुंद, घामानं निथळत धापा टाकत होता. "ह्याचं रक्त तापलंय," कप्तान म्हणाला. "ते काढा, आणि नावेत निजवा ह्याला." मी तोंड उघडलं, तेवढ्यात ॲबनरनं माझ्या पायावर टाच दाबली. "बरं झालं, कप्तान," तो हसून म्हणाला, "पायांचे तुकडेच पडले होते." त्यानं बाही वर सारली. नस कापल्यावर पत्र्याच्या वाडग्यात धार वाजायला लागली. वाडगा भरला, तर कप्तानानं दुसरा मागवला. ॲबनरचे ओठ पांढरे पडले, तेव्हा कुठे दोघांनी त्याला उचलून नावेत ठेवलं. "ओढा!" कप्तान ओरडला. दोर ताणला गेला आणि सकाळपासून पहिल्यांदाच पट्टा माझ्या खांद्यात रुतला. नावेत आता ॲबनरचंही वजन होतं.