अर्धा वाटा

“विचारलंच तर फक्त मुदुग सांग,” लिफ्टमध्ये होदान म्हणाली. “मुदुग प्रांतातली माणसं, एवढंच. पुढचं तुला माहीत नाही.”

“पण मला माहीत आहे,” मधुमती हसून म्हणाली.

“म्हणूनच सांगतेय.”

सिंगापूरच्या टॅम्पिनीसमधल्या त्या फ्लॅटमध्ये लिबान राहायचा. चांगी बिझनेस पार्कातल्या एका आयटी कंपनीत तो नोकरीला होता आणि होदानशी त्याला लग्न करायचं होतं. त्याला लहानाचं मोठं करणारी आत्या मुलगी बघायला लंडनहून आली होती. होदान इथे शिकायला आलेली, तिचं जवळचं कुणी नव्हतं. मुलीकडची म्हणून मधुमती आली होती.

मधुमती राजापूरकर पुण्यात वाढलेली. इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक करत होती. विषय सोमाली कुळं आणि राजकारण. मोगादिशूच्या, म्हणजे सोमालियाच्या, संसदेत जागा साडेचारच्या हिशेबाने वाटल्या जातात, हे ती प्रत्येक व्याख्यानात सांगायची. चार मोठ्या कुळांना एकेक वाटा आणि उरलेल्या सगळ्यांना मिळून अर्धा. त्या अर्ध्यातही काही लोक असे, की त्यांच्याशी कुणी सोयरीक करत नाही, कारण त्यांचे वाडवडिलांपासूनचे धंदे हलके मानले जातात.

होदान त्यांच्यातली. मधुमती अभ्यासासाठी नैरोबीला गेली तेव्हा तिथे स्थायिक झालेल्या होदानच्या घरच्यांकडे महिनाभर राहिली होती. निघताना होदानच्या आईने तिला पोटाशी धरलं होतं. “माझ्या मुलीकडे लक्ष ठेव,” म्हणाली होती.

लिबानला सगळं ठाऊक होतं. त्याची हरकत नव्हती. प्रश्न आत्याचा होता.

आत्या मात्र हसतमुख निघाली. तिने मटण-भात वाढला, शेजारी सोलून केळं ठेवलं, होदानला आग्रह करकरून खायला घातलं. जेवणं झाल्यावर होदान आणि लिबानला चहा करायला आत पाठवलं आणि मधुमतीशेजारी येऊन बसली.

“तू होदानच्या घरी राहिलीस ना? कुठली माणसं?”

“मुदुगची.”

आत्या हसली. “मुदुग केवढा मोठा! आमचेही कितीतरी तिथलेच. मी प्रांत विचारत नाहीये, मुली. आमच्यापैकी कुणाला विचारलं तर तो आपल्या सोयीचं सांगणार. तू बाहेरची. तुला यात काही मिळवायचं नाही, लपवायचं नाही. तू म्हणशील ते मी खरं मानीन.”

मधुमतीला बरं वाटलं. पुढे स्वतःशी कितीही नाकारलं तरी त्या क्षणी बरं वाटलं होतं. कुणीतरी तिला या सगळ्याच्या बाहेर, जरा वरच नेऊन बसवलं होतं.

“फार चांगली माणसं आहेत,” ती म्हणाली. “वडील कष्टाळू. चपलांचं दुकान आहे त्यांचं. स्वतःच्या हाताने शिवतात. आजोबाही तिकडे मुदुगात, गालकायोला तेच करायचे.”

“आजोबाही,” आत्या म्हणाली.

मग चहा येईपर्यंत ती सिंगापूरच्या उकाड्याबद्दल बोलत राहिली. निघताना तिने होदानला मिठी मारली. खाली उतरताना होदान आनंदात होती.

त्याच आठवड्यात होदानने मधुमतीला खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरला बोलावलं. दुपारची गर्दी ओसरली होती.

“लिबान आत्याचं मन मोडणार नाही,” ती म्हणाली. “संपलं ते.”

“मी कुळाचं नाव घेतलं नाही गं. शपथ.”

“हो. दुकान सांगितलंस.” होदानने समोरचा पेला बाजूला सरकवला. “चपला म्हटल्यावर तिला काय कळेल, हे तुला माहीत होतं?”

मधुमतीला खोटं बोलावंसं वाटलं. “होतं,” ती म्हणाली.

“मग?”

“मला वाटलं, त्यात लाजायचं काय? इतके कष्ट केलेत तुझ्या वडिलांनी. कशाला लपवायचं?”

होदान चिडली असती तर सोपं गेलं असतं. ती शांतपणे म्हणाली, “ज्यांना कधी लपवावं लागलं नाही, त्यांनाच असं वाटतं. तुझा दोष नाही. तुला नाही कळायचं.”

मधुमतीने तोंड उघडलं. काहीतरी ओठांपर्यंत आलं, ते तिने गिळलं.

“चुकलं माझं,” एवढंच म्हणाली.

होदानने बॅग उचलली आणि मागे न बघता निघून गेली.

मधुमती पुंगोलला घरी जायला एलआरटीच्या छोट्या गाडीत बसली. खिडकीच्या काचेत स्वतःचं तोंड दिसलं तशी ती उठून दारापाशी उभी राहिली. नैरोबीला आता कळलंच असेल. ती माउली आपल्याबद्दल काय म्हणत असेल?

ज्या नीताच्या घरात ती एक खोली भाड्याने घेऊन राहत होती, तिच्याकडे पाहुणे होते. नीताच्या सासूबाई सकाळीच पुण्याहून आल्या होत्या.

“ये गं, बस,” त्यांनी सोफ्यावर जागा करून दिली. “नीता सारखं तुझं कौतुक करत असते. वाटलं, कधी एकदा भेटतेय. दमलीस का? चेहरा उतरलाय.”

“नाही, उन्हाने जरा.”

“राजापूरकर ना तुम्ही?”

“हो.”

“पण हे नुसतं गावाचं नाव झालं,” सासूबाई लाडूची बशी पुढे करत मायेने म्हणाल्या. “मूळचं आडनाव काय?”

“लिमये,” मधुमती म्हणाली. आईने भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो काढून ट्रंकेत ठेवला, त्या दिवशी वडिलांनी हे उत्तर तिच्याकडून घोकून घेतलं होतं, आणि ते देताना ती आजवर कधीच अडखळली नव्हती.