उजवा पाय

“आबाजी, घोडी लंगडते काय?”

अंजूनं भर अंगणात विचारलं. अकरावीच्या वर्गात रीता आणि नीतूनं पैज लावली होती: घोडी कशीही असो, हे विचारूनच दाखव, भाव उतरतो की नाही बघ. वक्तृत्वाचं बक्षीस मिळाल्यापासून अंजू कोणालाही काहीही विचारू शकत होती.

खरं तर घोडी तिला पहिल्याच नजरेत आवडली होती. तांबडी, घासून उन्हात ठेवलेल्या तांब्याच्या घागरीसारखी चमकणारी. साकोलीहून लाखांदूरजवळच्या या गावात ती बाबांसोबत घोडी विकत घ्यायलाच आली होती. रोज तलावाच्या पाळीवरून रपेट मारायची, हेही तिनं ठरवून टाकलं होतं. घोडीचे म्हातारे मालक नत्थूजी, त्यांचा मुलगा खेमराज फोनवर सगळं बोलून मोकळा झाला होता. वरातीला आता गाड्या सजवतात, घोडी कोण बोलावतं, म्हणून विकायची.

नत्थूजी इतका वेळ गप्पच होते. ते उठले, घोडीच्या मानेवर हात ठेवला, जिभेनं हलकंसं टक् टक् करून तिला चुचकारलं. घोडीनं पुढचा उजवा पाय उचलला तो उचलूनच धरला.

“लंगडते,” ते म्हणाले. “जुनं दुखणं हाये. तुले बरं दिसलं, माय.”

कालपर्यंत तर धड होती म्हणून खेमराज चिडला. तुला जनावरातलं काय समजतं, एवढं बोलून नत्थूजी आत निघून गेले.

परतीच्या वाटेत बाबा लेकीच्या नजरेचं कौतुक करत राहिले. घरी आईला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं. अंजूला कुठं तोंड लपवू असं झालं. तिला काहीच दिसलं नव्हतं. तिनं नुसतं फेकलं होतं, आणि त्या म्हाताऱ्या माणसाला मात्र पोरादेखत आपल्या जनावराचं व्यंग कबूल करावं लागलं होतं. आता त्या घोडीला कोण घेणार? पैज जिंकल्याचं रीता-नीतूला सांगून तिनं घाईनं विषय बदलला.

चौथ्या दिवशी तिनं आईबाबांना सगळं सांगून टाकलं. बाबा म्हणाले, तूच जा, माफी माग. घोडीचा पाय डॉक्टरला दाखवू. तुला वाटलं तर लंगडी घोडीही घेऊ, ठरव तूच.

रविवारी ती एसटीनं एकटीच गेली. वाटभर माफीचं वाक्य पाठ करत.

घरामागून थाळीचा आवाज येत होता. अंजू तिकडं वळली. नत्थूजींची बायको बायाबाई थाळी बडवत होती. नत्थूजींनी टक् टक् केलं की घोडी उजवा पाय उचलून धरायची, मग ठेवायची. वरातीतला नाच. पुढं थाळीचा ठेका वाढला आणि घोडी चारही पायांवर आवारभर भिरभिरली.

अंजूला पाहताच थाळी थांबली. नत्थूजींनी मान खाली घातली.

“पोराले नाही म्हणता आलं नाही, माय. तू इचारलं अन् मले रस्ता भेटला. आता सांगून दे तुह्या बाबाले.”

पाठ केलेलं वाक्य अंजूला आठवलंच नाही. तिनं घोडीच्या कपाळावर एकदा हात फिरवला आणि परतीची बस धरली.

घरी आईबाबा वाटच पाहत होते. मग, काय ठरवलं, बाबांनी विचारलं.

अंजू खाली बघत चपला काढत राहिली.

“नाही घ्यायची, बाबा,” ती म्हणाली. “आता तं दोन्ही पायानं लंगडून राहिली.”