दारातलं कुंकू

सरूबाई नको म्हणायच्या आत दारातल्या पोरीचं बोट तिच्या कपाळाला टेकलं होतं.

आधी हळद, मग कुंकू. पोरीचा हात भराभर चालत होता. सकाळपासून शेपाचशे कपाळं तरी तिनं उरकली असतील. "संक्रांतीच्या शुभेच्छा मावशी, आत या, तुमचं स्वागत आहे," असं एका दमात म्हणून तिनं तिळाच्या वडीची पुडी सरूबाईच्या हातात कोंबली आणि मागच्या बाईकडे वळलीसुद्धा. अंगावर दुकानानंच दिलेली हिरवी नऊवारी, तिच्यावर नावाची पट्टी: विशाखा.

जालना रोडवरच्या त्या भल्यामोठ्या सेलच्या दुकानात सरूबाई आयुष्यात पहिल्यांदा येत होती, आणि ती आत गेली नाही की बाहेर आली नाही. मागे ट्रॉल्या तुंबल्या.

"सरका की ओ पुढं," कुणीतरी ओरडलं.

सून मंजुषा तुरीच्या डाळीचा भाव बघायला चार पावलं पुढे गेली होती. सासू मागे राहिली म्हणून ती वळली, आणि तिच्या हातातली पिशवी खाली पडली.

"अगं बाई! आत्या, हे काय?" सासूला ती आत्याच म्हणायची.

सरूबाईचा नवरा कडुबा जाऊन दहा महिने झाले होते. या दहा महिन्यांत करमाडच्या घराचा उंबरा तिनं शेताला जाण्यापुरताच ओलांडला होता. गल्लीत कुणाकडे हळदीकुंकू असलं की कुणी काही म्हणायच्या आधी ती आपलं दार लोटून घ्यायची. आणि इथं भरदिवसा, शंभर लोकांच्या देखत हे असं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. पण त्याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. समोरच्या काचेत तिला तिचा जुना चेहरा दिसला, कपाळ भरलेला, आणि घटकाभर तिला बरं वाटलं. त्या बरं वाटण्यानं ती जास्त हादरली.

मंजुषा विशाखावर धावून गेली. "डोळे हायेत का नाय तुला? कपाळ मोकळं, गळा मोकळा. कुणाच्या कपाळाला हात लावतेस ते बघशील का नाय?"

पोरगी पांढरीफटक पडली. "सॉरी ताई. आमच्या घरी हळदीकुंकू नसतं. मला नाय कळलं. सर म्हणले, एक पण बाई तशी आत सोडायची नाय. सगळ्यांना लावायचं."

"म्हणून विधवेला लावायचं?"

तो शब्द दुकानभर झाला. सरूबाईनं तो घरच्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. आजूबाजूच्या बाया थांबल्या. एकीनं नव्या नवरीसारख्या दिसणाऱ्या आपल्या लेकीला हाताला धरून बाजूला ओढलं. कुणाचा तरी मोबाइल वर झाला.

आतून गळ्यात टाय अडकवलेला मॅनेजर पळत आला. काय झालं ते त्याला अर्ध्यातच समजलं. "नवीन आहे ती मॅडम, चुकलं तिचं. माफ करा आजी. विशाखा, पूस आधी. लगेच पूस." त्यानं बिलिंगच्या टेबलावरून ओला टिश्यू आणून तिच्या हातात दिला. वरच्या स्पीकरवर एकावर एक मोफतची घोषणा चालूच होती.

विशाखा पुढे आली. तिचे डोळे भरले होते. तिचा हात हळूहळू सरूबाईच्या कपाळाकडे यायला लागला, तशी सरूबाईनं मान मागे घेतली.

"हलू नका आत्या, एक मिनिटाचं काम हाय. लोक बघायलेत," मंजुषा म्हणाली, आणि मागून येऊन तिनं सासूचा डावा दंड घट्ट धरला.

ही पकड सरूबाईच्या ओळखीची होती. त्या दिवशी अंगणात कडुबाला झोपवलं होतं आणि तिची नजर त्याच्या पायांवरून हलत नव्हती. भावकीतल्या बायांनी तिला धरलं. कुणाचा तरी तळवा कपाळावरून खसकन फिरला. कोण कुठली, तिनं एकीचंही तोंड पाहिलं नाही. पण डाव्या दंडात एक अंगठा असा रुतला होता की पुढे आठ दिवस तिथं निळा डाग होता. तोच अंगठा आता त्याच जागी होता.

ती वळली आणि तिनं सुनेच्या डोळ्यांत बघितलं.

"मंजे, त्या दिशी ह्यो दंड तूच धरला व्हता, व्हय ना?"

मंजुषाचं तोंड उतरलं. एवढ्या गर्दीत तिला खोटं बोलायलाही सुचलं नाही.

"मोठ्या बाया म्हणल्या, धर. म्हणून धरला आत्या."

विशाखाचा हात टिश्यूसकट हवेतच थांबला होता. सरूबाईनं तो हळूच खाली केला.

"सोड," ती सुनेला म्हणाली. "तवा मी भानावर नव्हते. आज हाय."