पडद्याचा कोरा कोपरा

दवाखान्यात नाव नोंदवायचं नवं यंत्र लोकांना वापरता येतं का, हे तपासायचं काम तिच्याकडे होतं. माणूस यंत्राच्या पडद्यापुढे बसे, पडद्यावरचा कॅमेरा त्याची नजर टिपे, आणि ती जिथे जाईल तिथे तिच्या टेबलावरच्या संगणकात लाल ठिपका सरके.

सकाळपासून सहा जण झाले. सहाही जणांची नजर बटणांवरून फिरत फिरत खालच्या उजव्या कोपऱ्यात गेली आणि तिथेच खिळली. त्या कोपऱ्यात काहीही नव्हतं.

"तिथे काय बघत होतात, काका?" तिने सहाव्याला विचारलं.

"कुठे? मी तर माझं नाव शोधत होतो," काका म्हणाले. आधीच्या पाचांनीही असेच कानांवर हात ठेवले होते.

तिने प्रोग्रामरला बोलावलं. "पांढरं आहे गं नुसतं," तो हसला. "कोऱ्या पाटीला कसली घाबरतेस?"

उद्या पन्नास दवाखान्यांत ही यंत्रं बसणार होती. कॅमेराच बिघडला असेल, अशी तिने मनाची समजूत घातली.

सातव्या आल्या त्या निवृत्त शिक्षिका, जन्मापासून अंध. यंत्राचं बोलणं त्यांना समजतं का, एवढंच बघायचं होतं. कॅमेऱ्याची गरज नव्हती. तो बंद करायला तिने हात पुढे केला, तोच लाल ठिपका थेट त्या कोपऱ्यात जाऊन थांबला.

"बरं, बरं, दाबते," बाई म्हणाल्या.

तिने आवाजाचं बटण तपासलं. "बाई, मी अजून आवाज सुरूच केलेला नाही."

"मग या कोण सांगतायत?" असं म्हणत बाईंनी जराही न चाचपडता त्या कोऱ्या जागी बोट टेकवलं.

काचेचा तो कोपरा त्यांच्या बोटाखाली अलगद आत दबला.