अर्धी मिशी

"ती पोरगी काम करणा नाय, नुसती पिच्चर बघता," मिशीला पीळ देत बाबलने पैज लावली. "मी हरलंय तर भर बाजारात अर्धी मिशी काढतलंय." शेजारच्या शाणूने लगेच टाळी दिली.

समुद्राकडच्या बागेतल्या कॅफेत ती शहरातून आलेली पोरगी महिनाभर लॅपटॉप उघडून बसायची. बाबल नारळ द्यायच्या निमित्ताने दबकत तिच्या पाठीमागे गेला आणि जागीच थिजला. स्क्रीनवर सहा माणसं कामाचं बोलत होती, आणि त्यांतला एक त्याचाच मुलगा होता. रजा मिळत नाही म्हणून दोन वर्षं पुण्याहून न आलेला सर्वेश चक्क घरच्या ओट्यावर बसला होता. मागे तेच निळं दार, खुंटीवर बाबलचीच टोपी. टोपी तर आत्ता त्याच्याच डोक्यावर होती, पण ते त्याला सुचलंच नाही.

नारळ तिथेच टाकून तो धापा टाकत घरी धावला. ओट्यावर फक्त मांजर होतं.

"माझो सर्वेश खंय गेलो?" कॅफेत परत येऊन त्याने पोरीला विचारलं.

"काका, तो पुण्यातच आहे," पोरगी हळूच म्हणाली. "मीटिंगला मागे रोज तुमच्या ओट्याचा फोटो लावतो."

संध्याकाळी बाजारात न्हाव्याने वस्तरा चालवला. शाणूने सगळी आळी गोळा केली होती, पोरीने लॅपटॉप समोर धरला होता. स्क्रीनवरचा सर्वेश हसता हसता कॅमेऱ्याजवळ सरकला.

"बाबा, उरलेली अर्धी ऱ्हवांदे. शनिवारी येतंय बघूक."