मदतीशिवाय

केंद्राच्या नव्या शहर धोरणात एक कलम होतं. दिव्यांग नागरिकानं स्वतः वापरून पाहिल्याशिवाय कुठलाही रॅम्प पूर्ण झाला, असं धरायचं नाही. म्हणून धाराशिवहून तपासणीचे साहेब यायच्या आधी नगरपंचायतीच्या अभियंत्यानं बसस्टँडसमोर घड्याळं दुरुस्त करणाऱ्या शिवपुत्रला बोलावून घेतलं. नगरपंचायतीच्या दारातल्या या रॅम्पसाठी त्यानंच तीन वर्षं अर्ज केले होते.

रॅम्प माळवदाच्या शिडीसारखा उभा होता. व्हीलचेअरची चाकं रेटत शिवपुत्र कसाबसा वर पोचला, तर दार बाहेरच्या बाजूला उघडणारं. खुर्ची टेकवायला वीतभरही सपाट जागा नव्हती. पुढं दार, मागं उतार. चाकं घट्ट धरून तो तिथंच थांबला.

अभियंत्यानं मागून येऊन खुर्ची धरली. "जमलं की, अण्णा. उगंच भीत होता."

"सायब, हे लई उभं झालंय. दार बी उघडता येत न्हाय."

"पुढच्या निधीत बघू. आता तेवढी सही करा." त्यानं कागद शिवपुत्रच्या मांडीवर ठेवला.

"आधी खाली घ्या. खाली गेल्यावर करतो."

"खाली गेल्यावर तुम्ही कुठले करताय?" खिशातलं पेन काढायला अभियंत्यानं एक हात सोडला. खुर्ची इंचभर मागं सरकली.

कागदावर छापलं होतं, 'हा रॅम्प मी कुणाच्याही मदतीशिवाय वापरू शकतो.'

अभियंत्यानं खुर्ची धरून ठेवली होती, तोवर शिवपुत्रनं त्याखाली सही केली.